बिनदुधाचा केक दर वेळी मध्येच का बसतो? (आणि डब्यातली स्मूदी काळी का पडते?)

आमच्या घरी गेल्या दोन वर्षांत जितके केक बसले, तितके पाहुणेही बसले नसतील.

लेकीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. नुसतं दूध पचत नाही एवढ्यावर भागत नाही, दुधातल्या प्रथिनांचीच अ‍ॅलर्जी. त्यामुळे लोणी, तूप, दही, खवा सगळंच बाद. अंडं आई स्वयंपाकघरात येऊ देत नाही. एवढं वजा केल्यावर जो उरतो त्याला हल्ली व्हीगन केक म्हणतात, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात दर रविवारी तो करायचं काम माझ्याकडे आहे.

तक्रार नेहमीची एकच. ओव्हनच्या काचेतून बघावं तर वीस मिनिटांपर्यंत केक झकास फुगलेला, कडेपर्यंत वर आलेला. पंचविसाव्या मिनिटाला मध्यभागी किंचित खळगी. बाहेर काढून पाच मिनिटं होत नाहीत तोच बशीएवढा खड्डा. कापला की वरचा भाग बऱ्यापैकी जाळीदार, आणि तळाशी पाऊण बोट जाड, खरवसासारखा गुळगुळीत, चिकट थर. दुधाचा थेंब नसलेल्या केकात खरवस!

आईचं निदान पहिल्या दिवसापासून ठाम होतं. "अरे, अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. त्याने फुगायचं कुणाच्या जिवावर? याला शिरा म्हण आणि वाटीतून वाढ." दोनदा खरोखरच वाटीतून वाढला.

मीही तेच धरून चाललो आणि अंड्याच्या जागी काहीबाही भरायला लागलो. जवसाची पूड भिजवून घातली (एका अंड्याला एक मोठा चमचा पूड, तीन मोठे चमचे पाणी). कुस्करलेलं केळं घातलं, सफरचंदाचा गर घातला. एकदा तर छोले उकडलेलं पाणी फेसून घातलं. हसू नका; २०१४ मध्ये फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी दाखवून दिलं की त्या पाण्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस होतो, आणि पुढच्याच वर्षी त्याला अ‍ॅक्वाफाबा असं नावही पडलं. मरँगसाठी (अंड्याचा पांढरा फेसून, भाजून करतात ती कुरकुरीत मिठाई) ते उत्तम. माझ्या केकाला काडीचा उपयोग झाला नाही.

उलट दर वेळी तो खालचा थर जाड होत गेला. अंड्याची जागा भरता भरता मी केकात पाणी भरत होतो, हे दिसायला मला वर्ष लागलं. तुमचाही केक बसत असेल तर आधी अंड्याला दोष देणं थांबवा. साधा केक अंड्यावाचून उभा राहतो. अमेरिकेत दूध-लोणी-अंड्यांची टंचाई होती तेव्हापासून व्हिनेगर आणि सोड्यावर फुगवलेला चॉकलेट केक घरोघरी होत आला आहे. आणि आपण वापरतो ती बेकिंग पावडर? अल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्लिश रसायनज्ञाने ती १८४३ मध्ये बायकोसाठी केली, कारण तिला यीस्ट सोसत नव्हतं. तिला अंडीही चालत नव्हती, म्हणून त्याआधी १८३७ मध्ये त्याने बिनअंड्याचं, कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड केलं होतं. कस्टर्ड पावडरचा डबा उघडताना मला हल्ली त्या माणसाबद्दल जरा आपुलकी वाटते.

तपासणीचा केक

बिघाड शोधायचा असेल तर एकच कृती धरून बसा. दर रविवारी नवी कृती केली की काय चुकलं ते कधीच कळत नाही. माझा तपासणीचा केक असा: १९० ग्रॅम मैदा (साधारण दीड कप), १५० ग्रॅम साखर, तीन मोठे चमचे कोको, एक छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ. हे सगळं चाळून एकत्र. दुसऱ्या भांड्यात २४० मिलि पाणी, ८० मिलि बिनवासाचं तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, थोडा व्हॅनिला. ओलं कोरड्यात ओतायचं, कालवायचं, आठ इंची भांड्यात घालून १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. छोटा चमचा म्हणजे ५ मिलि आणि मोठा म्हणजे १५ मिलि, मापाचेच. आमच्या ड्रॉवरमधले चार 'चहाचे चमचे' मी मोजले तर चारही वेगळे निघाले.

फेटायचं अजिबात नाही. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा, बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील. मैदा फेटला की त्याला चिवटपणा येतो, आणि मग कापल्यावर केकात गांडुळाने पोखरल्यासारखी उभी भोकं दिसतात.

मिश्रण ताटकळलं का?

सोडा आणि आंबट वस्तू ओल्यात एकत्र आल्या की त्याच क्षणी वायू सुटायला लागतो. तो तुमच्या तयारीसाठी थांबत नाही. मी काय करायचो, तर मिश्रण कालवून मग भांड्याला तेल लावायला घ्यायचो. मग बटर पेपर सापडायचा नाही. मग लेक बोट बुडवायला यायची. ओव्हन तर त्यानंतर लावायचो. एकदा मोबाइलवर वेळ धरली तेव्हा कालवल्यापासून ओव्हनचं दार लागेपर्यंत अठरा मिनिटं गेली होती. एवढ्यात मिश्रणावर सोलकढीसारखे बुडबुडे येऊन फुटूनही जातात.

आता क्रम उलटा आहे. ओव्हन आधी, भांडं तयार, कागद घातलेला, मगच ओलं कोरड्यात. तीन मिनिटांत आत.

फरक पडला का? पडला. केक बोटभर जास्त फुगला आणि बोटभर जास्त बसला.

सोडा जास्त झाला का?

इथे हळदीची गंमत सांगायलाच हवी. बिनअंड्याचा व्हॅनिला केक पांढराफटक दिसतो, म्हणून मी त्यात चिमूटभर हळद घालतो. एवढ्याशा हळदीची चव लागत नाही. एके रविवारी केकावर विटकरी ठिपके उमटले. मला वाटलं भांडं गंजलं. आईने चष्मा न लावता सांगितलं, "सोडा जास्त झालाय. ढोकळ्यावर येतात तसलेच आहेत हे."

कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, त्यातलाच हा प्रकार. अल्कलीत हळद लाल होते. म्हणजे केकात हळद असली की सोड्याचा हिशेब तीच लिहून दाखवते. ठिपके आले तर सोड्याच्या गुठळ्या राहिल्यात, चाळून घ्यायला हवा होता. सगळा केकच नारिंगी-लालसर झाला तर सोडा मुळातच जास्त, आणि चावताना साबणासारखी चवही लागणार. पिवळाच राहिला तर ठीक.

सोडा जास्त व्हायचं कारणही माझंच होतं. मिश्रण ताटकळून केक चपटा व्हायचा, म्हणून मी सोडा वाढवत नेला होता. ताटकळणं बंद केलं, पण वाढीव सोडा तसाच राहिला. जास्त वायू म्हणजे केक भराभर फुगणार, भिंती पातळ होणार आणि आतलं पीठ शिजून घट्ट व्हायच्या आतच कोसळणार.

ढोबळ हिशेब असा की एक मोठा चमचा लिंबाचा रस साधारण पाव छोटा चमचाच सोडा पुरता मारतो. चॉकलेट केकात कोको स्वतः थोडा आंबट असतो आणि त्याच्या कडवट चवीत उरलेला सोडा लपतो, म्हणून तिथे एक चमचा खपून जातो. साध्या व्हॅनिला केकाला ते प्रमाण लावू नका. त्याच १९० ग्रॅम मैद्याला पाव छोटा चमचा सोडा, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि एक मोठा चमचा लिंबू, एवढं पुरतं.

बेकिंग पावडर जिवंत आहे का ते आधी बघा. चमचाभर पावडरीवर गरम पाणी ओता. खळखळून फेस आला पाहिजे. पावसाळ्यात उघड्या पुडीतली पावडर दमट हवेनेच मरून जाते. सोडा तपासायला लिंबाचे चार थेंब पुरतात.

ओव्हन खोटं बोलतं का?

सोडा ताळ्यावर आला, ठिपके गेले. खड्डा मात्र होताच, थोडा लहान.

मग आतमध्ये ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर आणला. दोन वर्षांत केकावर केलेला सगळ्यात शहाणपणाचा खर्च तो. ओटीजीची (आमच्या विजेच्या छोट्या ओव्हनची) खुंटी १८० वर, दिवा विझलेला, म्हणजे त्याच्या मते ओव्हन तापलेला. आणि आतला काटा १५० वर. वीस मिनिटं थांबलो तेव्हा कुठे तो १६५ पर्यंत आला. आता मी खुंटी २०० च्या जरा पुढे ठेवतो आणि काट्यावर विश्वास ठेवतो, खुंटीवर नाही. तुमचा ओव्हन उलटा, जास्तही तापत असेल. तसं असेल तर केकाला मध्ये टेंगूळ येऊन तो तडकतो आणि कडा करपतात.

अंड्याच्या केकात अंड्याची प्रथिनं घट्ट होऊन केकाला लवकर आधार देतात. आपल्या केकाला आधार फक्त शिजलेल्या पिठाचा. तो मध्यभागी पोचायला उष्णता लागते, आणि साखर जास्त असेल तर आणखीच उशीर होतो, कारण साखरेमुळे पीठ जास्त तापमानाला शिजतं. (गोड कमी आवडतं म्हणून आम्ही साखर कमी केली, त्याचा हा फुकटचा फायदा.) तेवढ्यात 'झाला का बघू' म्हणून दार उघडलं तर सगळाच खेळ. पंचवीस मिनिटं दाराला हात लावू नका. सुरी घालायची तर मध्यभागी. कडेला ती कोरडी निघते आणि आपण फसतो. टोकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६-९८ अंश दिसले की काढा.

एकदा बाविसाव्या मिनिटाला लाइट गेली. त्या केकाबद्दल काही बोलण्यासारखं नाही.

खालचा चिकट थर

खड्डा गेला त्या रविवारी मी सगळ्यांना बोलावून केक कापला. वरून सपाट, देखणा. आणि तळाशी तोच थर. पातळ झाला होता, पण होता.

उत्तर आईकडून आलं, तेही केकाबद्दल बोलताना नाही. ती मालवणकडची. तिच्या लहानपणी घरी तवसळी व्हायची: मोठ्या पिकल्या तवशाचा (काकडीचा) कीस, तांदळाचा जाडसर रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची. तूप न घालता केली तर ही मुळातच व्हीगन. टोप चुलीवर, झाकणावर निखारे. तिचं म्हणणं, तवसळीत सोडा नसल्यामुळे ती फुगत नाही आणि फुगत नाही म्हणून बसतही नाही. हे माझ्यासाठी होतं.

मग ओटीजीत डोकावून म्हणाली, "निखारे वर आणि खाली दोन्हीकडे लागतात. तुझ्या ह्याच्यात खाली काय आहे?"

"खाली पण कांडी आहे की, आई."

"मग मध्ये हे ताट कशाला घातलंयस?"

ओव्हनबरोबर जो काळा पत्र्याचा ट्रे येतो, त्यावर मी केकाचं भांडं ठेवत होतो. खालच्या कांडीची आच त्या ट्रेवरच अडायची. वरून आणि कडांनी केक व्हायचा, तळ नुसता वाफेत बसायचा. तारांच्या जाळीवर भांडं ठेवलं, जाळी मधल्या खणाच्या एक घर खाली घेतली, आणि दोन वर्षांचा खरवस एका रविवारात गेला. ट्रे आता शेंगदाणे भाजायला वापरतो.

ओव्हन नसेल त्यांनी कुकरमध्ये केक करताना हेच दोन मुद्दे लक्षात ठेवा. शिट्टी आणि रबरी रिंग काढायची, पाणी घालायचं नाही, तळाशी दीड वाटी जाडं मीठ पसरून त्यावर स्टँड. मध्यम आचेवर दहा मिनिटं रिकामा तापू द्या. मग भांडं आत, आच बारीक, ४० ते ४५ मिनिटं. भांडं थेट मिठावर टेकलं तर तळ करपतो. झाकणाला आतून जमलेलं पाणी केकावर टपकून खळगे पडत असतील तर भांड्यावर फॉइल सैलसर टाका. यासाठी जुनाच कुकर ठेवा, चांगल्या कुकरचं वाटोळं करू नका.

पाण्याचा हिशेब

एवढं करूनही केळ्याचा केक गच्च होतो अशी तक्रार मला बरेच जण सांगतात. 'तीन केळी घ्या' हे प्रमाणच चुकीचं आहे. तीन वेलची केळी आणि जळगावची तीन लांबलचक केळी यांत दुपटीहून जास्त फरक पडतो. केळ्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं. म्हणजे सोललेलं २०० ग्रॅम केळं घातलंत तर १५० मिलि पाणी गेलंच. मग १९० ग्रॅम मैद्याला वरून फक्त ९० ते १०० मिलि काजूचं किंवा नारळाचं पातळ दूध. मी आधी केळंही घालायचो आणि वर पेलाभर दूधही. केळ्यामुळे केक ओलसर लागतो म्हणून आपण आणखी घालत जातो, तिथेच घात होतो. सफरचंदाच्या गरात पाणी त्याहूनही जास्त.

मैदाही वजनावरच घ्या. कप पिठात खुपसून भरला तर १४०-१५० ग्रॅम मावतो, चमच्याने सैल भरला तर १२०-१२५.

कणकेचा केक करायचा तर गोष्ट उलटी. आपल्या गिरणीचं पीठ पाणी खूप ओढतं. एक तर त्यात कोंडा असतो, शिवाय जात्याखाली स्टार्चचे कण मोडलेले असतात. त्याच पाण्यात केक भरड, कोरडा होतो. दोन-तीन मोठे चमचे पाणी वाढवा, आणि सोडा-लिंबू वगळून बाकी सगळं कालवून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. कोंडा भिजला की मग सोडा भुरभुरवा, लिंबू पिळा, चार वळसे आणि थेट आत. अर्धी कणीक अर्धा मैदा हा आमचा रोजचा तोडगा. पूर्ण कणकेचा केक लेक 'पोळीचा केक' म्हणून परत करते.

सोयाच्या दुधात लिंबू पिळलं की ते ताकासारखं दाटतं. नारळाचं किंवा बदामाचं तसं दाटत नाही. बिघडलं असं समजून फेकू नका, लिंबाचं काम सोड्याला भेटणं एवढंच आहे.

हिरव्या ठिपक्याचा घोटाळा

एक चूक चवीची नाही, जिवाची. लेकीच्या वाढदिवसाला केक निर्दोष झाला होता. वर मी चॉकलेटचे रंगीत दाणे भुरभुरवले. पुडीवर हिरवा ठिपका होता. अर्ध्या तासात तिच्या मानेवर गांधी उठल्या. पुडी उलटून वाचली तर घटकांत दुधाची पावडर, बारीक अक्षरात.

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्याकडे शाकाहारात दूध येतंच. व्हीगनसाठी वेगळं चिन्ह आहे; एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांचे नियम केले, त्यात चौकोनातलं हिरवं 'व्ही' हे अक्षर ठरवलं. ज्यांच्या घरी अ‍ॅलर्जी आहे त्यांनी चिन्हावरही न थांबता घटकांची यादी आणि खालची अ‍ॅलर्जीची ओळ वाचावी. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन हे तिन्ही दूधच. कंपाउंड चॉकलेट, बिस्किटं, मार्गारीन, कधीकधी पाव यांतसुद्धा ते सापडतं.

आता स्मूदी

ही भानगड सोमवार ते शुक्रवारची. सकाळी सातला बाटली भरायची, दहाच्या सुट्टीत ती उघडणार. आईच्या मते स्मूदी म्हणजे पातळ शिकरण आणि तिला वेगळं नाव द्यायची गरज नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

काळी पडणं हा पहिला त्रास. केळं, सफरचंद चिरलं की हवेशी गाठ पडून तपकिरी होतं. मिक्सर तर त्यात हवा कोंबतोच. अर्धं लिंबू पिळा, मिक्सर एकाच दमात कमीत कमी वेळ फिरवा, आणि बाटली गळ्यापर्यंत भरा. निम्मी रिकामी बाटली म्हणजे तीन तास हवा खाणारी स्मूदी. केळं आदल्या रात्री चकत्या करून ताटलीत सुटं गोठवलं तर सकाळी बर्फ लागत नाही आणि रंगही बरा टिकतो. मात्र गोठलेल्या चकत्या मिक्सरच्या भांड्यात आधी टाकू नका. आधी दूध, वर चकत्या, आणि थांबत थांबत फिरवा. मी आमच्या मिक्सरचा कपलर असाच तोडला. एवढी खटपट नको असेल तर चिकू घ्या. तो आधीच तपकिरी असतो, कोण तक्रार करणार?

पांढरे मेणासारखे कण. हे नारळाच्या दाट दुधात बर्फ घातल्यावर होतं आणि दूध नासलं असं वाटतं. नासलेलं नसतं. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं. थंडीत न्हाणीघरातली बाटली गोठते तेच. मिक्सरमध्ये बर्फाबरोबर घुसळलं की त्या स्निग्धांशाचं अक्षरशः लोणी निघतं. स्मूदीला नारळाचं दुसरं, पातळ दूध वापरा, बर्फ वगळा. दाटपणा हवा असेल तर दहा-बारा भिजवलेले काजू. पहिलं दाट दूध सांदणाला ठेवा, तिथे त्याचं चीज होतं. ताजं नारळाचं दूध उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर काही तासांत आंबतं, म्हणून मार्च ते जून डब्यात ते नाहीच.

त्या दिवसांत शेंगदाण्याचं दूध. अर्धी वाटी शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सकाळी दहा मिनिटं उकडायचे, पाणी फेकून सालं चोळून काढायची, तीन वाट्या ताज्या पाण्यात वाटून पंचातून गाळायचं. उकडलं नाही तर कच्चट वास येतो आणि बाटली भरलेलीच घरी येते. चोथा थालीपिठात. शाळेत शेंगदाण्याला बंदी आहे का हे आधी विचारून घ्या, दुसऱ्या कुणाच्या लेकराला त्याचीच अ‍ॅलर्जी असू शकते.

तळाशी पाणी, वर गर असं दोन मजली होतं ते साहजिक आहे. दोन बिया काढलेले भिजवलेले खजूर किंवा चमचाभर भिजवलेले ओट्स घातले की मिश्रण धरून राहतं. सब्जा, जवस दाटपणासाठी घालत असाल तर बाटलीत नको. तीन तासांत त्याची खीर होते आणि स्ट्रॉमधून येत नाही. सोयाच्या दुधात अननस, संत्रं यांसारखी आंबट फळं घालून ठेवली तर ते फाटतं. लगेच प्यायचं असेल तरच. आंब्याच्या दिवसांत मात्र काहीच प्रश्न नसतात. हापूसचा रस, पातळ नारळाचं दूध, चिमूटभर मीठ, आणि घरीच प्यायचं.

आणि स्मूदी म्हणजे दुधाचा पर्याय झाला असं धरू नका. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही, घरच्या काजू-शेंगदाण्याच्या दुधात गाई-म्हशीच्या दुधाइतकं कॅल्शियमही नसतं. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही वेगळं लिहून दिलंय.

शेवटची तक्रार, जिने मला महिनाभर छळलं: स्मूदी ताजी, फळं ताजी, तरी लेक म्हणायची, "बाबा, आंबट वास येतो." मी काजू बदलले, केळीवाला बदलला. वास बाटलीच्या झाकणातल्या रबरी रिंगचा होता. तिच्या खाली पंधरा दिवसांचं केळं साचलं होतं. सुरीच्या टोकाने रिंग उचला, गरम पाण्यात सोडा घालून बुडवा, आणि बाटली रात्रभर उघडी पालथी ठेवा.